वाटीभर देवभात

"हे काय उचलून आणलंस?" माईंनी विचारलं आणि माझ्या हातातल्या काडीकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

मी म्हटलं, "गवत काढणाऱ्या बायकांनी उपटून बांधावर फेकलं होतं. माई, हे देवभात आहे."

माई म्हणजे माझ्या सासूबाई. पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं, रस्त्यावरून कुणी जातंय का ते पाहिलं, मला आत घेतलं आणि माजघराचं दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "पुन्हा बोल."

गवताच्या एका काडीसाठी दार कशाला लावायचं, असं कुणालाही वाटेल. म्हणून आधी ऋषिपंचमीचं सांगते. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पंचमी. हे व्रत धरलेल्या बाईनं त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगर लागलेल्या जमिनीतला दाणा तोंडात घालायचा नाही. परसात कुदळीनं लावलेला अळू चालतो, पडवळ चालतं, पण भाताशिवाय कोकणातल्या माणसाचं पोट भरायचं कसं? त्यासाठी देवभात. तळ्याच्या कडेला, डबक्यात आपलं आपण उगवणारं हे रानगवत. कुणी पेरत नाही, कुणी नांगरत नाही, म्हणून देवाचं. बाकी वर्षभर हेच गवत शेतात शिरलं की लोक त्याच्या सात पिढ्या उद्धरून उपटून टाकतात.

आमच्या गावात देवभाताचं तळं एकच, आणि ते भागीरथीकाकूंच्या वाटणीचं. भागीरथीकाकू माईंच्या थोरल्या जाऊबाई. पंचमी जवळ आली की गावातल्या व्रतकरी बायका रिकामी वाटी घेऊन काकूंच्या पडवीत जाऊन बसायच्या. काकू प्रत्येकीला म्हणायच्या, "थांब हो, बघते काही उरलंय का." उरलेलं असायचंच, पण थांबवायचं मात्र सगळ्यांना. मग आतून कांडून, पाखडून, स्वच्छ केलेला तांबूस तांदूळ वाटीभर आणून द्यायच्या, आणि घेणारी त्यांच्या पाया पडायची.

वाटणी झाल्यापासून ह्या दोघी जावांचं बोलणं लग्नामुंजीपुरतं उरलं होतं. पण पंचमीला वाटी घेऊन जाण्यावाचून माईंना गत्यंतर नव्हतं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच भाद्रपदात मी त्यांच्याबरोबर गेले. काकूंनी त्यांना सगळ्यांच्या शेवटी वाटी दिली आणि वर म्हणाल्या, "तुमच्याकडे काय, जमीन भरपूर. पण देवाचं असतं ते नशिबानंच मिळतं हो." घरी आल्यावर माई माझ्यावर ओरडल्या. कशावरून ते आठवत नाही. सुनेवर ओरडायला कारण लागतंच असं नाही.

त्यांच्या मनात एकच होतं. पुढच्या पंचमीला व्रताचं उद्यापन करायचं आणि त्या पडवीची पायरी पुन्हा चढायची नाही. पण उद्यापनालाही देवभात लागतं, म्हणजे त्यासाठी पुन्हा तीच पायरी. हे शल्य त्या वर्षी त्यांना रात्रंदिवस टोचत होतं.

आणि त्याच वर्षी, भात कापणीला आलेलं असताना, मी ती काडी घेऊन दारात उभी राहिले.

माझ्या माहेरी गावाबाहेर मोठं तळं. माझी आत्या देवभात काढायला पाण्यात उतरायची आणि मी तिच्या मागे टोपली धरून. त्यामुळे हे गवत मी झोपेतसुद्धा ओळखलं असतं. पण माईंना पटवणं म्हणजे वकिलाला पटवणं. मी पान ओढून काडीपासून सोडवलं आणि सांध्याशी असलेली पांढरी, पातळ जीभ दाखवली. म्हटलं, ही जीभ भाताच्या कुळात असते. शेतात भाताच्या वेषात माजणारं दुसरं गवत असतं, त्याला ती नसते.

"मग आपलंच भात असेल," माई म्हणाल्या.

"आपल्या भाताला असलं कुसळ असतं का?"

लोंबीतल्या दाण्यादाण्याला बोटभर लांब, तांबूस कुसळ होतं. माईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि टोचलं म्हणून चटकन मागे घेतलं. मी ती लोंबी तिथल्याच एका सुपावर धरून नुसती टिचकी मारली. दाणे टपटप गळले. आपलं भात झोडून झोडून माणसाचे हात गळतात तेव्हा कुठे सुटतं. हे हात लागायच्या आधीच पाण्यात पडतं, म्हणून तर आत्या पिकायच्या आधीच त्याच्या जुड्या बांधून ठेवायची. एक दाणा मी नखानं सोलला. काळपट टरफलाच्या आत लालसर, लांब, बारीक तांदूळ.

माईंनी तो दाणा उजेडाकडे धरून पाहिला. मग त्यांनी नेमका प्रश्न काढला. "पण हे आपल्या शेतात आलं ना? शेताला नांगर लागतो."

"शेतात नाही आलं. खालच्या पाणथळीत आलंय. चांद्या रुतला होता तिथं."

चांद्या आमचा बैल. माझ्या लग्नाच्या आदल्या पावसाळ्यात तो नांगरासकट त्या चिखलात पोटापर्यंत रुतला होता. माणसांनी दोर लावून ओढून काढला, तेव्हा घरात म्हणे सत्यनारायण घातला. ती जागा पूर्वीपासूनच दलदलीची. चांद्यानंच तेवढा हट्टानं पाय घातला आणि तो फाळ टेकायच्या आधीच बसला. म्हणजे तिथं नांगर कधी लागलेलाच नव्हता. माईंच्या चेहऱ्यावर हे सगळं एकेक पायरी चढत गेलेलं मला दिसलं. शेवटी त्या हसल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांना मनापासून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग दोघींचं गुपित सुरू झालं. गवत काढणाऱ्या बायकांना त्या तुकड्याकडे फिरकू दिलं नाही. रोज सकाळी आम्ही सासू-सुना लुगड्याचे ओचे खोचून त्या चिखलात उतरायचो आणि जुड्या बांधायचो. माईंच्या पायाला जळू लागली तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही. एरवी वाटेत काटा रुतला तरी गाव गोळा करणारी बाई. पुढे सगळं झटकून, वाळवून, कांडून पितळी डबा जेमतेम अर्धा भरला. कुसळांसकट एक जुडी माईंनी फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली, कुणाला संशय आला तर दाखवायला. आणि मला म्हणाल्या, "कुंदे, उद्यापनाला त्या बाईला पहिल्या पंगतीला बसवीन आणि माझ्या हातानं माझ्या शेतातलं देवभात वाढीन. मग बघू नशीब कुणाचं ते."

वर्ष सरलं. भाद्रपद आला. माईंचं उद्यापन आहे ही बातमी गावभर झाली आणि आक्रीतच घडलं. भागीरथीकाकूंनी न मागता, गडीमाणसाच्या हाती पातेलीभर देवभात पाठवून दिलं. निरोप असा, की उद्यापनाला कमी पडायला नको, आणि एवढ्यासाठी माईंनी पायऱ्या चढायची तसदी घेऊ नये. हे वाक्य प्रेमाचं की टोमण्याचं ह्यावर आम्ही दोघींनी बराच खल केला आणि टोमण्याचंच ठरवलं.

गडी गेल्यावर माईंनी डबा काढला. एका सुपात काकूंचं, दुसऱ्यात आमचं. दोन्ही तांबूसच, पण आमचा दाणा लांब, सडपातळ. काकूंचा आखूड, गुबगुबीत.

"आपलं चुकलं," माई एकदम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं खाल्लंय मी हे. देवभात असंच असतं. तू गवत खायला घालत होतीस मला उद्यापनाला."

मला रडूच आलं. पण मी माहेरची शपथ घेऊन सांगितलं, की आमच्याकडे देवभात असंच लांब असतं. मागच्या पंचमीला जेवतानाच मला तो दाणा वेगळा वाटला होता, पण नव्या सुनेनं बोलायचं नाही म्हणून गिळून टाकला. काकूंच्या सुपातला एक दाणा माईंनी दाताखाली धरला. मग उठल्या, मागच्या पडवीत गेल्या आणि तिथल्या कणगीतून मूठभर तांदूळ घेऊन आल्या. ती कणगी गड्यांची. आमच्या घरात पांढरा तांदूळ शिजायचा. तांबडा, जाडा भात गड्यांच्या पेजेला. घरातलं कुणी तो कधी तोंडात घालत नसे, हलका म्हणून. माईंनी ती मूठ काकूंच्या सुपात ओतली. आणि मग काकूंचे दाणे कुठले आणि गड्यांचे कुठले, ते ब्रह्मदेवालाही वेगळं करता आलं नसतं.

"शिव शिव," माई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दूर्वा काढायचं निमित्त करून आम्ही काकूंच्या तळ्यावर गेलो. लांबून पाहिलं तर तळं हिरवंगार, कुणालाही वाटावं देवभातानं भरलंय. मी कडेची एक काडी उपटली आणि माईंच्या बोटांत दिली. देवभाताच्या काडीला पेरं असतात, गोल असते. ही तिधारी, पेराचा पत्ता नाही. लव्हाळा. दुसरी उपटली, लव्हाळा. पलीकडे जाऊन उपटली, तोही लव्हाळाच. माईंना मग आठवलं. मोठ्या पुरात तळ्याचा बांध फुटला होता आणि काकूंच्या यजमानांनी तो उंच करून बांधून घेतला होता. तेव्हापासून पाणी खोल झालं. देवभात तेव्हाच बुडून मेलं असणार. म्हणजे तेव्हापासून आजतागायत सगळं गाव ऋषिपंचमीला गड्यांच्या पेजेचा तांदूळ खाऊन, काकूंच्या पाया पडून येत होतं.

परतताना माई नव्या नवरीसारख्या चालत होत्या. मला म्हणाल्या, "आता बघ. सगळ्या बायकांच्या देखत विचारते." बेत ठरला. पूजेला सगळ्या जमल्या की माई भटजींना शास्त्र विचारणार. शास्त्र कळलं की त्या मला हाक मारणार, मी कुसळांची जुडी घेऊन बाहेर यायचं, आणि मग तळ्यातला लव्हाळा, कणगीतला तांदूळ, सगळं चव्हाट्यावर.

पंचमीला आमचं माजघर बायकांनी भरलं होतं. गणपती मखरात होते, त्यांच्यासमोर पाटावर सात ऋषींच्या सात सुपाऱ्या मांडलेल्या. वामनभटजी पूजा सांगत होते. भागीरथीकाकू भिंतीला टेकून, नव्या जरीच्या काठाचं लुगडं नेसून मानाच्या जागी बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी सगुणाआजी, गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नसे. आदल्याच वर्षी त्यांचं उद्यापन झालं होतं आणि तेव्हापासून त्या प्रत्येकाला सांगायच्या, की आता मी मरायला मोकळी.

मी स्वयंपाकघराच्या दारामागे पदराखाली जुडी धरून उभी होते. खोटं कशाला सांगू, मजा वाटत होती.

पूजा आटोपली. नैवेद्याचा भात अजून चुलीवर चढायचा होता. माईंनी हात जोडले. "भटजी, एक विचारू का? पंचमीला एखादीच्या पोटात नकळत नांगराचं धान्य गेलं तर?"

"तर त्या वर्षाचं व्रत गेलं," भटजी म्हणाले.

"आणि दर वर्षीच गेलं असेल तर?"

भटजी हसले. "मग व्रत राहिलंच कुठं? पुन्हा पहिल्यापासून धरायचं. व्रत पुरं नाही त्याचं उद्यापन कसलं करणार? केलं तरी ते नुसतं जेवण."

भागीरथीकाकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. त्या माईंकडे बघत होत्या. त्यांना कळलं होतं. एरवी मागितल्याशिवाय कुणाला काही न देणारी ती बाई त्या क्षणी नुसत्या डोळ्यांनी माईंकडे काहीतरी मागत होती.

माईंनी हाक मारली, "कुंदा."

मी ठरल्याप्रमाणे जुडी घेऊन बाहेर आले. पण माई माझ्याकडे बघतच नव्हत्या. कारण तेवढ्यात सगुणाआजींचा कापरा आवाज आला होता.

"भटजी, माझं झालंय हो उद्यापन. तुम्हीच केलंत. ते लागलं ना देवाला?"

"तुमचं काय आजी? देवभात काकूंच्या तळ्यातलं. तुम्हाला शंका कसली?"

आजींनी दोन्ही हात जोडून काकूंच्या दिशेनं नमस्कार केला. त्या खोलीत बसलेल्या एकेकीकडे माईंनी पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या सासूबाईंचं उद्यापन पुरानंतरचं, त्या तर आता वर जाऊन बसलेल्या. आणि माईंची स्वतःची वर्षं? ती सगळीच्या सगळी त्या पुराच्या पाण्यात चालली होती. गुडघे धरून उठणाऱ्या बाईनं व्रत पुन्हा पहिल्यापासून धरायचं होतं. हे आधीच त्यांच्या लक्षात कसं आलं नाही, मला माहीत नाही. माझ्याही आलं नव्हतं. आम्ही दोघी काकूंची फजिती बघण्यात इतक्या दंग होतो, की त्या फजितीत आपण पण बसलोय हे विसरूनच गेलो होतो.

"हातात काय गं तुझ्या?" कुणीतरी मला विचारलं.

मी माईंकडे पाहिलं. सगुणाआजींनी चाचपडत हात पुढे केला आणि जुडीवरून फिरवला. कुसळं बोटांना लागली तशी आजी थबकल्या. "माझ्या लहानपणी देवभाताला असंच कुसळ असायचं गो," त्या म्हणाल्या.

"गवत आहे ते, आजी," माई म्हणाल्या. आवाज अगदी स्वच्छ, जरासुद्धा हलला नाही. "ओलीत माजतं. गवतं काय, हाताला सगळी सारखीच लागतात. कुंदा, ते बैलापुढं टाक. आणि जाऊबाईंनी पाठवलेलं देवभात धुऊन ठेव, नैवेद्याला उशीर होतोय. भटजी, मी आपलं सहज विचारलं. शास्त्र माहीत असावं माणसाला."

भटजी म्हणाले, जिज्ञासा असावी तर अशी.

मी स्वयंपाकघरात गेले. मागोमाग माई आल्या. फळीवरचा आमचा पितळी डबा त्यांनी काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "हाही."

मला राग आला. इतका, की मी सासूला उलट बोलले, जन्मात पहिल्यांदा. "माई, खरं देवभात आहे हे. तुमच्या हातचं. निदान एक घास तरी खा. कुणाला कळणार आहे?"

"घरात दोन तऱ्हेचं देवभात ठेवायचं? उद्या कुणी दोन्ही शेजारी धरलं म्हणजे?" त्यांचे डोळे भरून आले होते. डब्यात हात घालून त्यांनी चिमूटभर दाणे घेतले, बघितले आणि परत टाकले. "जा. लवकर ये, पानं वाढायचीत."

मागच्या दारी भागीरथीकाकू हात धुवायच्या निमित्तानं येऊन उभ्या होत्या. मी बाजूनं गेले तर त्यांनी मला पाहिलंच नाही. त्या माईंना म्हणत होत्या, "पहिल्या वर्षी वाटलं, एवढ्या पंचमीचं भागवू, पुढच्या वर्षी तळ्यात येईल. बायका वाट्या घेऊन दारात उभ्या होत्या. नाही कसं म्हणू?"

माईंनी त्यांच्या हातावर पाणी घातलं. "चला, पहिल्या पंगतीला तुम्ही बसायचंय," एवढंच म्हणाल्या.

गोठ्यात चांद्या रवंथ करत बसला होता. मी त्याच्यापुढं जुडी टाकली आणि डबा पालथा केला. तो उठून उभा राहिला. कुसळांना नाक लावून त्यानं एकदा फुर्रकन श्वास सोडला, मग सगळं खाल्लं. शेवटी गव्हाणीच्या फटीतले दाणेसुद्धा जिभेनं चाटून पुसून घेतले.

मी हात धुऊन घरात आले, पानं वाढली, मागच्या पंगतीला जेवले. सगळ्या म्हणत होत्या, काकूंचं देवभात यंदा काय गोड लागतंय. सगुणाआजींनी दोनदा मागून घेतला भात. माईंचं उद्यापन यथासांग पार पडलं. आणि बैलाच्या कष्टाचा एक दाणाही त्या वेळी तोंडात न घालता, खऱ्या देवभातावर ऋषिपंचमी पाळली, ती सबंध गावात एकट्या चांद्यानं.